नववी-दहावीला दाखवण्याजोगा पिक्चर

पिक्चर पोरांना दाखवण्याजोगा आहे का नाही हे ठरवायला मला बसवलं, तेव्हा मी खुळ्यासारखी खूश झाले होते. खोटं कशाला बोलू? आयुष्यभर अंगणवाडीत पोरांची नाकं पुसली, खिचडी वाटली, त्यांना तराजूच्या झोळीत टांगून वजनं घेतली. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मी शाळेत पाचवीपर्यंतच गेले, सातवी पुढं बाहेरून दिली, आणि वाचायला खरी शिकले ती वाण्याच्या पुड्यांवरून. आणि आता शाळेच्या मॅडम स्वतः स्कूटीवरून वस्तीत आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, समितीत तुम्ही हव्यात." मी आत जाऊन चांगलं लुगडं नेसूनच बाहेर आले. मॅडम म्हणाल्या, "अहो, आज नाही. शनिवारी."

पिक्चर होता जुन्या काळातला. घोडे, मशाली, नऊवारी, आणि सगळं प्रेमापायी. सुभेदाराची मुलगी आणि गढीवर चित्रं काढायला आलेला चितारी. असा पिक्चर एरवी शाळेत कुणी आणलाच नसता. पण आदल्या वर्षी त्याचं चार दिवसांचं शूटिंग आमच्याच धरणाकाठी झालं होतं, आणि गर्दीतली माणसं म्हणून आमच्या गावची बायापोरं उभी केली होती. पोरांना शिपायांची मुंडाशी बांधली, हातात भाले दिले. पोरींना लुगडी नेसवून डोक्यावर हंडे दिले. नखांचा रंग खरवडून काढायला लावला, चपला आणि घड्याळं एका टोपलीत गोळा केली. पिक्चर मोबाईलवर आला तसा पोरांनी शाळेच्या मागं लागून जीव खाल्ला. मोठ्या पडद्यावर बघायचाय, आमी दिसतोय, दाखवा. इकडं पालकांचं म्हणणं, प्रेमाबिमाचं आहे, नववी-दहावीचं वय वाईट. मग समिती. मॅडम, मी आणि आबा.

आबा म्हणजे पालक समितीचे अध्यक्ष. त्यांची जमीन धरणात गेली, उरलेल्या काठावर त्यांनी तंबू टाकले, तिथं पुण्या-मुंबईची माणसं येऊन राहतात. बोलायला एकदम साखर. मी बौद्ध वस्तीतली, आबा गावातले मोठे मराठे, पण त्यांच्या घरी माझा कप कधी वेगळा नव्हता. सभेला गेले की पोराला उठवून खुर्ची देणार, "बाई, बसा" म्हणणार. सगळं गाव मला बाईच म्हणतं. मी त्या माणसाला फार मानायची, तेही सांगून टाकते.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत बसलो. मॅडमनी वहीत तीन रकाने आखले होते: प्रसंग, वेळ, हरकत. त्या लोणावळ्याच्या, त्यांचं सगळं आखीव. पहिली वीस मिनिटं नुसते घोडेच पळत होते. मग चिताऱ्याच्या खोलीत सुभेदाराची मुलगी आली, तिनं फुंकर मारून दिवा घालवला, पडदा काळा, आणि अंधारात बांगड्या वाजल्या.

मॅडमनी बटण दाबलं. "हे?"

"दिसलं का काय?" मी विचारलं.

"दिसलं नाही. पण ऐकू आलं ना, मावशी."

आबा म्हणाले, "बांगड्याच हायेत मॅडम. आमच्या घरात भाकरी थापताना पन वाजत्यात."

"आबा, पण दिवा घालवून कोणी भाकरी थापतं का?" मॅडम म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो. वहीत लिहिलं: दिवा, पुढे सरकवणे.

नंतर नदीवर आंघोळीचा प्रसंग आला. पाठ तेवढी उघडी. मी म्हणाले, "मॅडम, येच्यापरीस जास्त आमच्या पोरांनी रविवारी धरणावर बघितलंय."

"माज्याच गिऱ्हाइकांना बोलताय व्हय बाई?" आबा म्हणाले. परत हसणं. मजेत चाललं होतं बघा.

मग सुभेदाराला कळलं. त्यानं चिताऱ्याला खांबाला बांधून चाबकानं फोडला. पाठीची सालटं निघाली, रक्त मातीत. कितीतरी वेळ चाललं ते. मॅडम तेवढ्यात चहा ओतत होत्या. वहीत काही लिहिलं गेलं नाही. मीही काही म्हणाले नाही. चाबकाला हरकत घ्यायची असते हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यानंतर सुभेदारानं मुलीला खोलीत कोंडलं, ती खिडकीच्या गजांना धरून रडायला लागली, आणि आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. "बापानं आसं कोंडाया नगं हुतं," म्हणाले. "पोटची पोर हाय."

आता जे सांगायचं ते इथून पुढं आहे.

नायिकेला डोलीतून दूर न्यायचं असतं, आणि काठावर दोघांची शेवटची भेट होते. ते आमचंच धरण. पुढं ते दोघं रडतायत, मागं गावकरी उभे. मी रडणाऱ्यांकडं कशाला बघू? मी मागच्या रांगा बघत होते, ह्याची आई, त्याची मावशी ओळखत होते. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, सगळं लख्ख दिसायचं, त्याचाही मला माज होता. आणि उजव्या कोपऱ्यात डोक्यावर हंडा घेतलेली एक पोरगी दिसली. तोंड अर्धंच दिसत होतं. पण डावा पाय आत वळवून उभी होती. ती पोर चालायला उशिरा लागली, सव्वा वर्षाची होऊनही माझ्या अंगणवाडीत भिंत धरून असाच डावा अंगठा आत टाकायची. मी कसं ओळखणार नाही?

"मॅडम, थांबवा! मागं घ्या, मागं घ्या!"

मॅडमना वाटलं काहीतरी आक्षेपार्ह दिसलं. त्यांनी पेन उचललं.

"तसलं न्हाई वो. आबा, वळखा बघू ही कोन?"

आबांनी चष्मा लावला, पुढं वाकले. "कोन?"

"सोताची नात वळखंना! कसलं वो आजोबा तुमी? घरात बघता का न्हाई तिच्याकडं?"

आबांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. नववीतली त्यांची नात, गणितात शाळेत पहिली येणारी. "आगं बया, ही तर आमचीच की! किती मोठी दिसती लुगड्यात. मॅडम, पुन्यांदा लावा." मॅडमनी लावलं. चार-पाच सेकंदांचा तो तुकडा. "अजून एकदा." लावलं. मग मॅडमच म्हणाल्या, "थांबा, हळू करता येतं," आणि कसलंसं बटण दाबून त्यांनी तो तुकडा संथ लावला. आबांना नात नीट दिसावी म्हणून. खरंच त्यासाठीच.

आणि संथ लावल्यावर तिच्या शेजारचा शिपाई दिसला. त्याच्या हातात भाला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. भाला खांद्याला टेकवून दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून खाली ठेवला. तिचा पदर मागं घसरला होता, तो दोन बोटांनी उचलून परत डोक्यावर ठेवला. तिनं त्याच्याकडं बघितलं. संपलं.

आबांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि परत लावला.

"अजून एकदा लावा," आबा म्हणाले. पण आता आवाज निराळा होता. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग लावलं.

"कोन हाय त्यो?"

कोण आहे ते मला ठाऊक होतं. आमच्या वस्तीतला, माझ्या घरापासून चौथं दार. कामशेतला अकरावीला जात होता. त्यालाही मी झोळीत टांगला होता. मी म्हणाले, "मुंडाशामुळं नीट दिसना, आबा."

"बाई, तुमी नातीला नुसत्या पायावरनं वळखली." आबा हसले. मग एकदम मऊ आवाजात विचारलं, "तुमच्या वस्तीतला हाय का?"

सत्तरीला आले मी, बडबडीबद्दल नवऱ्याच्या, सुनेच्या शिव्या खाल्ल्या. त्या घडीला मात्र माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. आणि नेमकं तेच उत्तर झालं.

मला वाटलं आता आबा उठून जातील. पण ते म्हणाले, "पुडं लावा मॅडम. काम अर्धं टाकू नये." आणि आम्ही उरलेला पिक्चर सगळा बघितला. आबांनी चहा परत मागून घेतला. शेवटी नायिका विहिरीत उडी घेते. मॅडमनी विचारलं, "यावर हरकत?" आबा म्हणाले, "न्हाई. गुण घेन्यासारखं हाय." वहीखाली तिघांनी सह्या केल्या. दिवा सोडून बाकी पास. पायरीवर चप्पल घालता घालता आबा मला म्हणाले, "बाई, उद्या सकाळी घरी या."

मी गेले. जायला नको होतं असं आता सगळेच सांगतात, पण तेव्हा वस्तीत मला एकच भीती होती. पोरगा आमचा. गावातल्या मोठ्या घरची पोर. असल्या गोष्टीला हात लावला की काय होतं ते आमच्या माणसांना पुस्तकातून वाचावं लागत नाही. म्हटलं, जाऊन मिटवून टाकावं.

आबांनी खुर्ची दिली, चहा दिला. त्याच कपात. म्हणाले, "मी इचारलं तर पोर घाबरंल. तिची आय इचारणार न्हाई, सरळ मारंल. तुमच्याशी ती खरं बोलंल, तुमच्या अंगाखांद्यावर वाढलीया. काय नसंल तर विषय संपला, मी शब्द काढनार न्हाई. आमी हितं दाराआड बसतो."

दाराआड. ते त्यांनी मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी कुणापुढं म्हणणार नाही.

आणि मला वाटलं, पोर म्हणेल काही नाही, आबा ऐकतील, दोन्ही घरं सुटतील. माझ्या गोड बोलण्यावर माझा भारी भरवसा. तापानं फणफणलेल्या पोराला मी बोलत बोलत सुई टोचून घ्यायला लावायची.

ती आत भूमितीची वही घेऊन बसली होती. मला बघून उठलीच. "बाई! पिक्चर पास झाला?"

"झाला."

"मी दिसते का वो त्यात? खरं सांगा. आमच्या घरात मला मोबाईल देत न्हाईत, पोरी म्हनत्यात दिसते, पन त्या चेष्टा करत्यात. तोंड दिसतं का नुसती पाठ?"

"दिसतं की. अर्धं."

"अर्धं?" तिनं गाल फुगवला. "कंचं अर्धं?"

मी तिला जवळ बसवली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आता लिहिताना त्या हाताची मला शिसारी येते. म्हटलं, "आणि तुजा हंडा कुनी उतरवला गं?"

ती जराशी थबकली. मग घडाघडा बोलली. "बाई, त्यात खरंच पानी भरलं हुतं! त्या साहेबांना पानी हिंदकळाया पायजे हुतं. दहा-बारा येळा त्येच त्येच. माजी मान मोडली. सगळ्या बाया उतरवत हुत्या, मला उतरवाया न्हाई आला. त्यानं उतरवला."

"मग?"

"मग काय न्हाई."

बघा, इथं मी उठायचं होतं. झालं होतं काम. दाराआडच्या माणसानं ऐकलं होतं, हंडा जड होता, उतरवला, काही नाही. अर्ध्या मिनिटात दोन पोरं वाचली होती. आणि मी उठले नाही. माझ्या जिभेला अजून एक पाहिजे होतं. खोड म्हणा, म्हातारीची चौकशी म्हणा. मी म्हणाले, "आणि पदर?"

ती लाजली. "त्ये पन दिसतं?" मग वहीवर कर्कटकानं रेघा ओढत बसली. "कुनाला सांगू नका हां, बाई."

"मी कशाला सांगू?"

हे मी दाराकडं बघत म्हणाले.

"आमचं बोलनं-बिलनं काय न्हाई. खरंच न्हाई. त्यो परत भेटला पन न्हाई. पन बरं वाटलं मला. एवढंच." थोडं थांबून म्हणाली, "डोकं दुखतंय का म्हनून कुनी इचारतं का, बाई?"

दार उघडलं. आबा आत आले. रागावलेले नव्हते. मागं तिची आई लाटणं घेऊन आली, तर तिला म्हणाले, "मारू नगं. मारायचं काय कारन?" मग नातीला म्हणाले, "दप्तर आन बाळा." तिनं आणलं. त्यांनी वही त्यात घातली, कर्कटक घातलं, चेन लावली, आणि दप्तर कपाटावर टाकलं. "शिकलीस तेवढं बास झालं."

ती आबांकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. "तुमाला ठावं हुतं? त्ये हितं हायेत?"

आणि मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "तुज्या भल्यासाठीच बाळा."

ती रडलीसुद्धा नाही. आबा मला सोडायला अंगणापर्यंत आले. "उपकार झाले, बाई," म्हणाले.

त्याच आठवड्यात तिला लोहगडवाडीला आत्याकडं पाठवलं. आत्याची तिथं गडाच्या वाटेवर खाण्याची टपरी आहे, हाताखाली माणूस हवंच होतं. शाळेत सांगितलं, पोर आजारी असते, हवापालट. पोराचं म्हणाल तर आबांनी त्याच्याबद्दल कुठं शब्द काढला नाही. काढायची गरजच पडली नाही. मी घरी येऊन त्याच्या आईला सांगितलं, आणि तिनं अंधार पडायच्या आत त्याला चाकणला मामाकडं धाडलं. कॉलेज तिथंच सुटलं. आता कुठल्याशा कंपनीत खोकी उचलतो. त्याची आई माझ्याशी बोलते, पण उभ्या उभ्या.

माझी सून म्हणाली, "आई, तुमच्या जिभेसाठी एक निराळी अंगणवाडी काढा. तिला नीट बसायला शिकवा."

पिक्चर पुढच्या शुक्रवारी हॉलमध्ये दाखवला. दार-खिडक्यांना सतरंज्या लावल्या, पोरं खाली बसली, मला आणि आबांना पुढं खुर्च्या. आबांनी भाषण केलं, आपल्या गावाचं नाव झालं, जुन्या लोकांचा त्याग आपण पोरांना दाखवला पाहिजे वगैरे. पोरं स्वतःला बघून किंचाळत होती. "त्यो बघ मी! त्यो भालावाला!" "तुजं मुंडासं सुटलंय रं!" दिव्याचा प्रसंग मॅडमनी पुढं सरकवला तशी सगळ्या हॉलनं "ओऽऽ" केलं. सगळ्यांनी तो मोबाईलवर आधीच बघितला होता. चाबूक चालू झाल्यावर मागची पोरं मोजत होती, मोठ्यानं, एक, दोन, तीन. पुढच्या पोरी हसत होत्या.

मग ते काठावरचं आलं. वाटलं आता कुणीतरी ओरडेल, ती बघ, तो बघ. कुणाचंच लक्ष गेलं नाही. सगळ्या पोरी नायिकेकडं बघून रडत होत्या. उजव्या कोपऱ्यात हंडा खाली गेला, पदर वर गेला, आणि सरलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते फक्त तिघांना दिसलं. आबा ताठ बसून होते. मान हलली नाही.

नंतर सतरंज्या काढता काढता मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मागं घ्या म्हणाला नसता तर..."

"तुमी हळू केलं नसतं तर," मी म्हणाले.

"मला काय माहीत होतं?"

"मला तरी कुटं?"

दोघी जरा वेळ एकमेकींना टोचत बसलो. मग त्यांनी सतरंज्यांची घडी घातली, आणि मी एक टोक धरलं.

सहा-आठ महिने मी त्या वाटेला गेले नाही. कुणी गडावरून आलं की विचारायची, दिसली का. दिसली, म्हणायचे, भजी तळते, ओरडून गिऱ्हाईक बोलावते, आत्याहून बरी बोलावते. तिची आई मला बाजारात दिसली की दुसऱ्या गल्लीनं जायची. श्रावण लागायच्या सुमाराला मी मॅडमकडं गेले आणि बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म मागितला. मॅडम म्हणाल्या, "आबांना कळलं तर?" मी म्हणाले, "छापून तर द्या. पिक्चर हळू करताना इचार न्हाई केला तुमी." हे टाकून बोलले मी, पण त्यांनी दिला. शाळेचा दाखला काढून ठेवते असंही म्हणाल्या, फक्त शाळेतून दिला म्हणू नका.

रविवारी गेले. खिंडीपर्यंत जीप, पुढं पायी. गडाच्या वाटेवर पुण्या-मुंबईच्या पोरांची रांग, रेनकोट, स्पीकर, आरडाओरडा. टपऱ्यांवर निळी ताडपत्री, खाली कांद्याच्या भज्यांचा धूर. तिचा आवाज मी आधी ऐकला. "आओ भैया, गरम भजी, मॅगी, बैठने को जगा है!" मग दिसली. उंच झाली होती. ओढणी कमरेला बांधलेली, हातात झारा. बोटांना कांद्याचा काळा रंग बसलेला.

तिनं मला बघितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. "या मावशी. बसा. काय देऊ?"

जन्मल्यापासून मला बाई म्हणणारी पोर. रस्त्यावरच्या कुणाही म्हातारीला म्हणावं तसं मावशी म्हणाली. मी बसले. भजी सांगितली. आत्या पलीकडं कणसं भाजत होती, तिचं इकडं लक्ष नव्हतं. भज्यांची ताटली माझ्यापुढं आली.

"बरी हायेस का गं?"

"बरी हाय. चटणी देऊ?"

तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "पिक्चर बघितला का तू मग? अगं, लय चांगली दिसत हुतीस. तोंडावर असा उजेड..."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "न्हाई बघितला. पन तुमच्या तोंडनं नगं."

मी पिशवीतून फॉर्म काढून ताटलीशेजारी ठेवला. ओल्या हातांनी तिनं तो उचलला नाही, वाकून वरची ओळ वाचली. वाचताना ओठ हलत नव्हते, झरझर वाचलं. मी हळूच म्हणाले, "बाहेरनं दहावी देता येती. परीक्षा कामशेतला. दाखला मी आनून देते. पुस्तकं देते. कुनाला कळायचं न्हाई."

"कुनाला कळायचं न्हाई?" ती माझ्याकडं बघून हसली. असलं हसू मी पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर आधी बघितलं नव्हतं. "तुमी मला आसंच म्हनला हुता की मागं. आज कोन बसलंय आड? मक्याच्या पोत्यामागं बघू का?"

मी मान खाली घातली. तिनं ओढणीला हात पुसले, एक-एक बोट पुसलं, आणि कागद उचलून घडी घालत होती तेवढ्यात आत्या चिमटा घेऊन आलीच.

"कसला गं कागुद?"

आत्या म्हणजे आबांचीच लेक, पण आजोळी वाढलेली, मला तोंडानं ओळखत नव्हती. डोळे अगदी बापासारखे. मला वाटलं आता ही पोर सांगणार. ती कधी खोटं बोललीच नव्हती, म्हणून तर सगळं झालं. आबांपुढं, आईपुढं, माझ्यापुढं, विचारलं ते सांगून मोकळी व्हायची.

"ग्यासचा," ती म्हणाली. पापणी लवली नाही. "केवायसी परत करायचीया. ह्या मावशी टपरी-टपरीला वाटत सुटल्यात." आणि कागद ड्रेसच्या खिशात घालून ती कढईकडं वळलीसुद्धा.

आत्यानं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "आमची तर झालीया की मागच्या महिन्यात. खरंच परत करायची का वो?"

कढईत नवीन घाणा पडला, चर्र आवाज झाला. ती आमच्याकडं पाठ करून उभी होती, आणि झारा हातात तसाच धरून ठेवला होता, हलवत नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "परत करायचीया. समद्यांनाच."

आत्या कपाळाला आठ्या घालून कणसांकडं गेली. पोर भजी हलवायला लागली. मी ताटलीतलं शेवटचं भजं खाल्लं, पाणी प्यायले, आणि एक शब्द न बोलता उतरायला लागले.